अकरा वर्षांच्या पिचरला कर्व्ह शिकवायचा का?

बादलीवरचा_बाबा
मुलगी अकराची. सॉफ्टबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. दोन वर्षं विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून) टाकतेय. नुकतीच ११ इंच घेराच्या बॉलवरून १२ इंचीवर आली, अंतरही ३५ फुटांचं ४० झालं. फास्टबॉल बरा आहे, ताशी ४५ मैलांच्या आसपास. गेल्या सामन्यात समोरची पिचर कर्व्ह (आडवा वळणारा बॉल) टाकत होती, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी उलट्या बादलीवर बसून कॅच करतो, एवढीच माझी पात्रता. व्हिडिओ बघून आठवडाभर ‘बॉल सोडताना दाराची मूठ फिरवल्यासारखं मनगट फिरव’ असं केलं. कधीकधी वळतोही. पण काल कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाली. कर्व्ह, ड्रॉप (खाली पडणारा), राइज (चढल्यासारखा वाटणारा) यातलं काय आधी आणि कधी?

मधली_फळी
अहो, खालून टाकायचं असतं, त्याने काही होत नाही. बेसबॉलवाल्यांनी घाबरावं. शिकवा बिनधास्त.

डावखुरी_पिचर
मी चौदा वर्षं पिचिंग केलं, आता लहान मुलींना शिकवते. वरचं ‘खालून टाकलं की काही होत नाही’ वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय.

दादा, आधी कोपर. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पिचिंग बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. विंडमिलमध्ये मोठ्या पिचरच्या खांद्यावर येणारी ओढ जवळपास तिच्या स्वतःच्या वजनाइतकी मोजली गेलीय. दंडाचा पुढचा स्नायू बेदम राबतो. मनगट पिळत राहिलं की करंगळीच्या बाजूच्या हाडाला बारीक चीरही जाते, अशा केसेस नोंदलेल्या आहेत. यावर कुणीतरी हमखास २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचं उदाहरण देतं: जपानच्या पिचर युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ पिच टाकले आणि जपानने सुवर्ण जिंकलं. खरंय. पण ती २६ वर्षांची होती. तुमच्या लेकीच्या हाडांची टोकं अजून वाढतायत.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. बाराव्या वर्षी मला थेट रोलओव्हर ड्रॉप शिकवला. बॉल सोडताना हात वरून पालथा घालायचा तो. खाली जायचा झकास. दीड महिन्यात शाळेची वही लिहिताना हात दुखायला लागला आणि अख्खा सीझन मी बाकावर बसून स्कोअर लिहिला. डाव्या हाताने नाही हं, उजव्याने, वाकडातिकडा.

आता काय शिकवायचं ते. वय विचारू नका. फास्टबॉल दहातले सात तरी कॅचरने ग्लोव्ह धरला तिथे जातात का, आणि थकल्यावरही जातात का, ते बघा. नसतील जात तर पुढचं वाचूच नका.

जात असतील तर पहिला चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच टाकलेला पण हळू जाणारा बॉल. मुलींना तो आवडत नाही, कारण दिसायला काहीच भारी नाही. हिशेब सांगते. ४५ मैलांचा बॉल हातातून सुटून बॅटरजवळच्या प्लेटपर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो. ३५ मैलांच्या बॉलला त्याहून साधारण दीड दशांश सेकंद जास्त लागतो. तेवढ्यात बॅटरची बॅट फिरून झालेली असते. शिवाय जितका वेळ हवेत जास्त, तितका बॉल आपोआप जास्त खाली येतो. या वयाच्या वेगाला फिरकीपेक्षा गुरुत्वाकर्षण जास्त कामाला येतं, आणि ते फुकट आहे. बॉल तळहातात खोल धरायचा आणि हाताचा वेग तसूभरही कमी करायचा नाही. सगळ्या मुली इथेच फसतात: बॉल हळू जायला हवा म्हणून हातच हळू फिरवतात. मग बॅटरला आधीच कळतं.

दुसरा पील ड्रॉप. रोलओव्हर नव्हे, पील. इथे मनगट पिळायचं नसतं. बॉल आडव्या शिवणीवर चार बोटांत धरायचा. सोडताना अंगठा आधी सुटतो, मग बोटं बॉलच्या पाठीवरून खालून वर सोलत निघतात. पुढचं पाऊल नेहमीपेक्षा थोडं आखूड, छाती पुढच्या पायावर. मागे रेललात की बॉल पडतच नाही, कमरेएवढा तरंगत येतो आणि कुंपणाबाहेर जातो.

हे नीट होतंय की नाही ते डोळ्यांनी दिसतं. बॉलभोवती काळ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा. धरताना पट्टी उभी, बोटांच्या रेषेत. दहा-बारा फुटांवरून, हात पूर्ण न फिरवता, नुसतं कमरेपासून सोडायला सांगा. फिरकी सरळ असेल तर हवेत काळी रेघ स्थिर उभी दिसते. मनगट तिरकं गेलं की रेघ डुलते, भोवरा थांबताना डुलतो तशी. मुलीला काही समजवावं लागत नाही, तीच ओरडते ‘डुलला!’ मी पहिला महिना याच्यापलीकडे जात नाही.

कर्व्हची घाई नको. लहान मुलींचा जो ‘कर्व्ह’ दिसतो ना, तो बहुतेकदा वळत नसतो. हात अंगावरून आडवा ओढल्यामुळे सरळच, पण तिरक्या रेषेत जातो. टेप लावून बघा, लगेच उघडं पडेल. राइज आणखी पुढे. तोही खरं तर चढत नाही. मांडीजवळून सुटून वर निघालेला असतो आणि उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो, म्हणून बॅटरला चढल्यासारखा वाटतो. त्याला वेग लागतो, ४५ला ती गंमत नाही. स्क्रूबॉलचं (कर्व्हच्या उलट बाजूला वळणारा) तर नावच काढू नका.

मास्कच्या_आतून
ताईंशी सहमत, पण कॅचरची बाजू कुणी सांगतच नाही. ड्रॉप शिकवायच्या आधी कॅचरला गुडघे टेकून बॉल अंगावर अडवायला शिकवा. दोन ड्रॉप मातीत पडून मागे गेले आणि रनर घरी आली, की तिसऱ्यांदा पिचर तो टाकतच नाही. मग म्हणतात, हिचा ड्रॉप बसला नाही.

डावखुरी_पिचर
हे मी लिहायला हवं होतं. शंभर टक्के.

मधली_फळी
माझी भाची दहाव्या वर्षी राइज टाकायची, तिला काही झालं नाही.

डावखुरी_पिचर
टेप लावली होती का?

बादलीवरचा_बाबा
सात आठवड्यांनी लिहितोय. डॉक्टर म्हणाले स्नायूवर ताण, हाड ठीक. तीन आठवडे बंद, मग हळूहळू सुरू. रेघ दहात चारदा सरळ येते. ती ‘डुलला’ ओरडत नाही, ‘बाबा, नागिन’ म्हणते. चेंजअपवर मात्र रुसून बसली होती. परवा सरावात संघातली सगळ्यात मोठी मुलगी त्यावर आधीच बॅट फिरवून गोल गिरकी घेऊन बसली, तेव्हापासून फास्टबॉल टाक म्हटलं तरी चेंजअपच टाकतेय. यावर काय उपाय?

डावखुरी_पिचर
पाच फास्टबॉल ग्लोव्हमध्ये गेले की एक चेंजअप मिळेल. आणि पिच मोजताय ना? वहीत लिहा, वॉर्मअपचे धरून.