मदत हवी आहे: वाईचं जुनं पोस्ट आणि तिथले पोस्टमास्तर

कृष्णाकाठ
वाईचं पोस्ट कधी सुरू झालं आणि १९०० पर्यंत तिथे पोस्टमास्तर कोण कोण होते, याची यादी करायची आहे. हाताशी वाईचा शिक्का असलेली पाव आण्याची दोन जुनी कार्डं आणि सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर आहे. पुढे कुठे शोधावं?

जुनाशिक्का
गॅझेटियर दोन ठिकाणी उघडा. व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, नाके, धर्मशाळांच्या जोडीने पोस्टांची माहिती असते. गावांच्या प्रकरणात वाईची वेगळी नोंद आहे. पोस्ट उपडाकघर होतं की शाखा, हे आधी टिपा. दर्जा वाढल्याची तारीखच पुढे ‘स्थापना’ म्हणून फलकावर चढते आणि यादी तिथेच चुकते.

शिक्क्यावरच्या तारखेचा अर्थ एवढाच की त्या दिवशी पोस्ट चालू होतं. तुमची कार्डं १ जुलै १८७९ च्या आधीची असूच शकत नाहीत, कारण पोस्टकार्डच तेव्हा निघालं. त्यामागे जायला पाकिटं हवीत. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात देशभर जाऊ लागलं. त्याआधी दर अंतरावर होता आणि पत्रावर तिकीट नसे. म्हणून ‘तिकीट नाही’ म्हणून बाजूला टाकलेले कागद आवर्जून बघा. पाकिटाची मागची बाजूही सोडू नका. पोचीचा शिक्का तिथे असतो, आणि दोन तारखांमधल्या अंतरावरून डाक कुठल्या वाटेने आली याचा अंदाज बांधता येतो.

दफ्तरी
१८४८ पर्यंत वाई सातारच्या राज्यात होती. त्यामुळे त्याआधीचे कागद सातारा रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, दफ्तरात शोधा, नंतरचे मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात. फायलीवर वाईचं नाव असेलच असं नाही; महाबळेश्वरच्या डाकेचे कागद ‘माल्कमपेठ’ नावाखालीही बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या चाळता येते. सातारा शब्द इंग्रजीत दोन ‘टी’ घालूनही शोधा, नाहीतर जुन्या फायली हाती लागत नाहीत.

नावांचं काम जास्त चिकाटीचं आहे. सरकारी सिव्हिल लिस्टमध्ये वरचे अधिकारी असतात, तालुक्याचा पोस्टमास्तर नसतो. पोस्टाची बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली. जुन्या घरांतली पासबुकं आणि मनीऑर्डरच्या पावत्या मिळाल्या तर सही आणि तारीख एकत्र मिळते. सही वाचता आली नाही तरी फोटो काढून ठेवा, दुसऱ्या कागदावर तीच सही स्वच्छ सापडते. बदल्यांच्या बातम्यांसाठी ‘ज्ञानप्रकाश’ आणि वाईचंच ‘मोदवृत्त’ चाळा.

कृष्णाकाठ
माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडेल का? आणि आसपासच्या खेड्यांतल्या शाखांचं काय?

दफ्तरी
अर्ज साताऱ्याच्या डाक अधीक्षकांकडे करा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. ‘इतिहास द्या’ असं लिहू नका. जे दफ्तरात तयार आहे तेच मिळतं. ‘वाई उपडाकघर सुरू झाल्याचा आणि दर्जा बदलल्याचा आदेश, असल्यास त्याची प्रत’ असं नेमकं मागा. मुदत ३० दिवसांची.

खेड्यांत शाखेचं काम बऱ्याचदा शाळामास्तरच थोड्या भत्त्यावर करत. तिथे पोस्टापेक्षा शाळेची जुनी दफ्तरं आणि शताब्दी स्मरणिका आधी बघा.

जुनाशिक्का
एक राहिलं. वाईचा पिनकोड ४१२८०३, साताऱ्याचा ४१५००१; ४१२ ही सुरुवात पुण्याकडच्या पोस्टांची. यावरून ‘वाईचं पोस्ट मुळात पुण्याखाली होतं’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर घेऊ नका. पिनकोड १९७२ चा आहे आणि तिसरा अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा सांगतो, जुनी हद्द नव्हे.