युद्धामुळे नुकसान झालं तर पेटंटची मुदत वाढते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पेटंटच्या कायद्यातलं कुणाला कळत असेल तर सांगा.

आमच्या मामांचं रत्नागिरीत छोटं वर्कशॉप आहे. मच्छीमार होड्यांसाठी जाळं ओढायचं विंच बनवतात. ओलं जाळं रोलरवरून घसरू नये म्हणून त्यांनी बसवलेल्या पकडीवर भारतातलं पेटंट आहे, अर्ज २००८ चा. येमेनमधल्या व्यापाऱ्याशी बोलणं पक्कं होत आलं होतं, तेवढ्यात तिकडे युद्ध पेटलं आणि सगळं बारगळलं. नूतनीकरणाची फी मात्र दरवर्षी चालूच. आता २०२८ ला मुदत संपेल.

मी वाचलं त्यानुसार ब्रिटनच्या १९४९ च्या कायद्यात युद्धामुळे पेटंटधारकाचं नुकसान झालं तर कोर्ट मुदत वाढवून देऊ शकत असे. युद्धाशी संबंधित राष्ट्रीय कामात अडकल्यामुळे गेलेली संधीही नुकसानीत धरत! आपल्याकडेही १९११ च्या कायद्यात मुदतवाढीचा अर्ज करता यायचा. पण १९७० च्या कायद्याचं कलम ५३ बघितलं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पुढे काही नाही. मामा म्हणतात, "अरे, कायद्यात कुठेतरी फट असेलच." मला तसं वाटत नाही, पण त्यांना समजावणार कोण!

तर मुदतवाढीला खरंच काही वाट आहे का? आणि नसेल, तर उरलेल्या काळात इथल्याच कुणा कारखानदाराला लायसन्स देणं परवडेल का? करारात रॉयल्टी कशी ठरवतात? अनुभव असलेल्यांनी लिहा.