शब्दचर्चा : 'हॅझार्डस लिक्विड'ला काय म्हणाल?

मसुदेकर : अमेरिकेतल्या तेलवाहिन्यांच्या सुरक्षेवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'हॅझार्डस लिक्विड' दर चार ओळींनी येतं. 'धोकादायक द्रव' चालेल का? आणि 'रेग्युलेशन' म्हणजे नियमन की नियंत्रण?

खटपट्या : धोकादायक म्हणजे पावसाळ्याआधी पालिकेची नोटीस लागलेली इमारत! 'घातक कचरा' रूढ आहे, त्याच चालीवर 'घातक द्रव' करा.

ओवी : घातक म्हटलं की विष आठवतं. पेट्रोल पेटतं. 'ज्वालाग्राही' का नको?

मसुदेकर : तिथल्या नियमात व्याख्याच आहे. खनिज तेल, त्याची उत्पादनं, निर्जल अमोनिया, शिवाय इथेनॉलसारखी इंधनं. पेटणारी, विषारी किंवा सांडली तर पर्यावरणाची हानी करणारी.

खटपट्या : मग धोकादायकच बरं. माझा शब्द मागे.

ओवी : नियमन आणि नियंत्रण मात्र एक करू नका. २५ जुलै २०१०, मिशिगनमधलं मार्शल. ३० इंची वाहिनी फुटली, साडेसहा फुटांहून लांब चीर. नियंत्रण कक्ष होता कॅनडात, एडमंटनला. धोक्याचे इशारे वाजत होते, पण वाहिनीतल्या तेलाच्या प्रवाहात पोकळी झाली असेल असं समजून पंप दोनदा पुन्हा चालू केले. १७ तासांनी कळलं. हे नियंत्रण चुकलं. २००५च्या तपासणीत त्याच जागी चिरा दिसल्या होत्या, दुरुस्ती झाली नाही. चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वाहिनी चालवणाऱ्या कंपनीबरोबर सरकारी नियमांच्या ढिलाईवरही बोट ठेवलं. ते नियमन.

मसुदेकर : आणि मी त्याला 'गळती' लिहून बसलोय!

खटपट्या : छप्पर गळतं, केस गळतात. साडेसहा फुटांची चीर म्हणजे 'फुटणं'च.

ओवी : 'तवंग' लिहिला असेल तर तोही तपासा. ते पातळ करून वाहून नेलेलं जड डांबरी तेल होतं. पातळ करणारा भाग उडून गेला आणि बरंचसं तेल कॅलमझू नदीच्या तळाशी बसलं. तवंग पाण्यावर असतो.

मसुदेकर : तीन ठिकाणी होता, काढला. आता एकच अडलंय. वाहिनीच्या पोटातून सरकत भिंती तपासणाऱ्या यंत्राला 'पिग' म्हणतात. डुक्कर लिहू?

खटपट्या : पिगच ठेवा. आणि पहिल्यांदा येईल तिथे हे आत्ताचं वाक्य जसंच्या तसं टाका.