मदत हवी आहे: बँकॉकमध्ये एकच दिवस आणि हे ऊन (तातडीने)

घामट_गोविंदा: परवा बँकॉकमध्ये एक दिवस आहोत. राजवाडा, झोपलेला बुद्ध, नदीपलीकडचं वाट अरुण (वाट म्हणजे देऊळ), जमल्यास खरेदी. सोबत आई-बाबा. इथे सकाळी नऊलाच शर्ट पिळून काढावा लागतोय. उन्हात न भाजता हे सगळं कसं बसवायचं? 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

पायपीट: 'इथे' म्हणजे कुठे? बँकॉकला किती वाजता पोचताय? आई-बाबांचं वय?

टुकटुक_नको: राजवाडा सगळ्यात आधी. साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बात (थाई चलन), खिडकी साडेतीनला बंद. बाहेर कोणी गोड बोलून "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं तर थांबूसुद्धा नका. मी थांबलो. वीस बातांत टुकटुकमधून (तिथली रिक्षा) फिरवून शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवलं. तो सूट अजून कपाटात लटकतोय.

सुगरण_७२: शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं दिसतील तिथेच जेवा, नाहीतर भाजीतही माशाचं पाणी असतं. मी तर दशम्या आणि मेतकूट घेऊनच जाते.

घामट_गोविंदा: आम्ही मासे खातो हो ताई. फुकेतला आहोत. साडेनऊला डॉन मुआंगला उतरतो, रात्री साडेअकराला सुवर्णभूमीहून मुंबईचं विमान. आई ६४, बाबा ७०.

पायपीट: अहो, हे आधी सांगायचं ना! ते दोन वेगळे विमानतळ आहेत, शहराच्या दोन टोकांना. सामान किती?

घामट_गोविंदा: तीन मोठ्या बॅगा आणि एक खोकं. (खोक्यात काय ते आईलाच माहीत.) वेगळे आहेत हे माहीत होतं, पण इतके लांब असतील असं वाटलं नव्हतं.

सोंगक्रान_फॅन: एप्रिलमध्ये जाताय ना? १३ ते १५ला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, रस्त्यावर पाण्याची धमाल असते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

घामट_गोविंदा: आज २६ तारीख आहे.

पायपीट: ऐका. डॉन मुआंगहून सुवर्णभूमीला फुकट बस आहे, पुढच्या विमानाचं तिकीट दाखवावं लागतं. तिथे सामान ठेवायची सशुल्क सोय आहे. बॅगा टाका, एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान, तिथून चालत फेचबुरी मेट्रो, मग थेट सनाम चाय स्टेशन. स्टेशनातून वर आलात की वाट फो (तुमच्या झोपलेल्या बुद्धाचं देऊळ) हाकेच्या अंतरावर. पण या सगळ्यात दुपारचा एक-दीड वाजणार. त्या वेळी सत्तरीच्या माणसाला राजवाड्याच्या फरसबंद अंगणात फिरवू नका. राजवाडा सोडा.

टुकटुक_नको: राजवाडा सोडून बँकॉक? म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं चंद्रभागेत पाय बुडवून परत.

पायपीट: पाय बुडवले तरी पुण्य लागतं. उष्माघाताने लागत नाही.

रामकियन: सावलीच नाही असं नाही. राजवाड्याच्या आवारातच पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे, त्याभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर अख्खं थाई रामायण, १७८ चित्रं. आमचे आजोबा तिथे गप्प उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हा मारुती बायकांशी फारच सलगी करतोय." त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, ही गोष्ट मी निघण्यापूर्वी सांगायला विसरले होते. बाकी बुद्धाची मूर्ती पाचूची नाही, जेडसारख्या हिरव्या दगडाची आहे, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा तिचा पोशाख बदलतो. उन्हाळ्याचा वेगळा.

घामट_गोविंदा: पोशाखावरून आठवलं. बाबा या उकाड्यात हाफ पँट सोडायला तयार नाहीत. चालेल का? आणि आईची साडी?

टुकटुक_नको: साडी चालते, ब्लाउजला बाह्या हव्यात. हाफ पँटवाल्याला राजवाड्याच्या दारातूनच परत पाठवतात.

पायपीट: वाट फोलाही गुडघे झाकावेच लागतात. आता क्रम: आधी एखाद्या एसी मॉलमध्ये जेवण, साडेतीनपर्यंत हलू नका. मग वाट फो (३०० बात). बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि छपराखाली आहे. पायांकडे थांबा, तळव्यांवर शिंपल्याच्या तुकड्यांची १०८ चिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ कांस्याची भांडी, त्यांत नाणी टाकत जायचं. टण् टण् आवाज चालूच असतो. मग था तियेनच्या धक्क्यावरून किरकोळ पैशांत होडीने वाट अरुण. पायऱ्या फार उभ्या आहेत, आई-बाबांना खालीच बसवा. आठला विमानतळाच्या वाटेवर.

घामट_गोविंदा: आईचे गुडघे दुखतात हे लिहायचं राहिलंच.

पायपीट: 🙏 अजून काही राहिलंय का?

घामट_गोविंदा: नाही, बस. बाबांनी आत्ता इथल्याच बाजारातून हत्ती छापलेली ढगळ विजार घेतली, "पायजम्यापेक्षा हवेशीर आहे" म्हणतात. बॅगा आधी सुवर्णभूमीला, राजवाडा रद्द. बाबांना मारुतीबद्दल काही सांगणार नाही.

सुगरण_७२: खोक्यात पातळ काही असेल तर बॅगेत घालून चेक-इन करा हो. माझी चिंचेची चटणी गेली होती.

कोथरूडकर_काका: @टुकटुक_नको, त्या सुटाची शिलाई किती पडली? मुलाचं लग्न आहे डिसेंबरमध्ये.