कानाच्या पडद्याला पहिल्याच ऑपरेशनमध्ये कूर्चा का लावत नाहीत?

सुमेधा: माझ्या डाव्या पडद्याला लहानपणापासून भोक. केस धुताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालायचा, सर्दी झाली की सकाळी उशीवर पिवळा डाग. पहिल्या ऑपरेशनमध्ये कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण, म्हणजे फॅशिया, बसवलं. वर्षभरात ते आत ओढलं जाऊन फाटलं. दुसऱ्यांदा कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातलं कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, घेतलं, ते पक्कं बसलं. मग आधीच का नाही? पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा पाणी जाऊ न देण्याचे ते दिवस!

निखिल (कान-नाक-घसा सर्जन): तुमचा त्रास समजतो, पण सरसकट कूर्चा मला मान्य नाही. फॅशियाच्या पडद्यातून आत पाणी साठलंय का, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कूर्चा अपारदर्शक. तिच्यामागे कोलेस्टिएटोमा, म्हणजे हाड पोखरणारी त्वचेची पिशवी, वाढत असेल तर दुर्बिणीतूनही दिसत नाही. भोक लहान, कान कोरडा, कानातून घशाकडे जाणारी नळी चांगली असेल तर फॅशिया उत्तम बसतं.

मृदुला (ऑडिऑलॉजिस्ट): 'दिसत नाही' हे खरं, पण डिफ्यूजन एमआरआयवर काही मिलिमीटरची पिशवीही सापडते. जाड कूर्चेने कमी ऐकू येईल ही भीतीही फार ताणली जाते. मूळ पडदा सुमारे 0.1 मिमी, कूर्चा तासून 0.5 मिमीपर्यंत आणतात. माझ्यासमोर येणाऱ्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, दोन्हींत फारसा फरक नसतो. शिवाय कूर्चेला रक्तपुरवठा फार लागत नाही, आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर ती तगते. म्हणून मोठ्या भोकातही ती आक्रसत नाही.

निखिल: मोठं भोक, दुसऱ्यांदा ऑपरेशन, आत ओढलेला पडदा, तिथे मीही कूर्चाच घेतो. वाद फक्त 'सगळ्यांना' या शब्दाशी आहे. घशाकडची नळी नीट उघडत नसेल तर मध्यकर्णातला दाब घटतो आणि फॅशिया आत खेचलं जातं. ते आधी ओळखायचं. सुमेधाताई, तेव्हा दुसऱ्या कानाचा पडदा कसा होता? नळीचा अंदाज तिथूनही येतो.

सुमेधा: जुना केसपेपर काढून बघितला. 'उजवा पडदा आत ओढलेला' असं लिहिलंय. लहानपणापासून दोन्ही कानांत दडे बसायचे. मग मला पहिल्यांदाच कूर्चा हवी होती ना?

निखिल: हो, तुम्हाला हवी होती.