अण्णांच्या डोळ्यातली लेन्स इतक्या वर्षांनी सरकली, असं होतं का?

मिरजेची_माहेरवाशीण
अण्णांचं उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 2011 साली झालं. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. दिवाळीपासून मात्र एकाचे दोन दिवे दिसतात, खाली वाकलं की जास्तच धूसर होतं. बाहुली मोठी करून तपासलं, तर लेन्सची गोल कड बाहुलीतच आडवी दिसत होती. लेन्स पिशवीसकट खाली सरकलीय म्हणे. वर 'डोळे चोळले असतील' असंही ऐकवलं. तेव्हापासून अण्णा स्वतःलाच दोष देत बसलेत. खरंच त्यांचं काही चुकलं का?

चष्मेवाला_काका
ताई, मी नेत्रविभागात आयुष्य काढलंय. अण्णांना आधी सांगा, रोजच्या हात फिरवण्याने घट्ट बसलेली लेन्स सरकत नाही. लेन्सची पिशवी बारीक तंतूंवर लटकलेली असते. ते तंतू सैल पडले की असं होतं, आणि कधीकधी दहा-बारा वर्षांनीही होतं. कारणं म्हणजे मोठा मायनस नंबर, जुना मार, पडद्याचं ऑपरेशन, नाहीतर स्यूडोएक्सफोलिएशन. या शेवटच्यात बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखं पांढरं साचतं आणि काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून दोन्ही डोळ्यांचं प्रेशर मोजून घ्याच. सरकलेली लेन्स आत घासत राहिली तर सूज येते, रक्तही उतरतं.

ठाणेकर_सून
आमच्या सासूबाईंचं वेगळंच. पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात गॅस भरला होता, पुढे लेन्सच पांढुरकी झाली. 'लेन्सच्या मागे जाळी आलीय' म्हणून यॅग लेझर (पिशवीच्या मागच्या बाजूला भोक पाडणारं) केलं, फरक शून्य. दुसरीकडे कळलं की लेन्सवरच कॅल्शियम साचलंय. ती बदलावी लागली, आणि लेझरने पिशवी आधीच उघडल्यामुळे काम अवघड झालं. लेझरच्या आधी धूसरपणा नक्की कुठे आहे, हे विचारून घ्या.

मिरजेची_माहेरवाशीण
काका, तुमचा अंदाज खरा ठरला. दोन्ही डोळ्यांत तसंच पांढरं आहे, उजव्याचं प्रेशर 28, म्हणजे जास्तच. थेंब सुरू केलेत. अण्णा आज जरा मोकळे बोलले. आता पुढे काय?

चष्मेवाला_काका
पडद्याच्या सर्जनना दाखवा. तीच लेन्स टाके घालून बसवायची की काढून नवी बुबुळामागे पांढऱ्या भागात अडकवायची, ते तेच ठरवतील. ग्लू (जैविक गोंद) वापरून लेन्स बसवायची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी रूढ केली, आता आपल्याकडेही करतात. जुन्या फाइलमध्ये लेन्सचं स्टिकर असेल, ते सोबत न्या. आणि अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी गाठा.