देवचाफ्याची फांदी रुजण्याऐवजी कुजते

प्रश्न : नमस्कार. शेजारच्या काकूंनी दिलेली देवचाफ्याची हातभर फांदी मी त्याच संध्याकाळी कुंडीत लावली आणि रोज पाणी घातले. परंतु पंधरा दिवसांत तिचे बूड काळे पडून बोटाने दाबताच मऊ लागले. दुसरी फांदी मिळणार आहे. तेव्हा कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १ : फांदी ओली असतानाच लावली, हेच कारण असावे. कापल्यावर ठिबकणारा पांढरा चीक सुकून कापाचा भाग कडक होईपर्यंत, म्हणजे साधारण ८-१० दिवस, ती सावलीत कोरडी ठेवावी आणि मगच भरपूर वाळू मिसळलेल्या मातीत लावावी. पाने फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

उत्तर २ : मी सहमत आहे. देवळांच्या आवारात पाहून हे झाड आपल्याला इथलेच वाटते, पण प्लुमेरिया ही देवचाफ्याची प्रजाती मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांकडची आहे. कोरड्या ऋतूत पाने गाळून ते जाड फांद्यांतील पाण्यावर तगते, म्हणूनच पाण्याचा अतिरेक त्याला सोसत नाही. सोनचाफा मात्र मॅग्नोलियाच्या कुळातला; त्याला हे नियम लावू नयेत.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. काकूंच्या झाडाच्या पानांखाली पावसाळ्यात नारिंगी भुकटी दिसते. त्याची फांदी घ्यावी का?

उत्तर १ : तो तांबेरा आहे. रोग पानांवर असतो, त्यामुळे सगळी पाने काढून टाकून फांदी अवश्य घ्यावी; गळलेली पाने मात्र झाडाखाली राहू देऊ नयेत.